दीड मीटरची चोरी

१

शनिवारी सकाळी अविनाश घरत यांनी कारखान्याचं शटर वर केलं, गाडीवरची ताडपत्री ओढली, आणि गाडी दीड मीटरनं आखूड झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

गाड्या चोरीला जातात. चाकं जातात, बॅटऱ्या जातात, आरसा तर आपण कुलूप लावून वळेपर्यंत जातो. पण तोंड जागेवर, शेपूट जागेवर, दोन्ही एकमेकांना नीट जोडलेली आणि पोट तेवढं नाहीसं, अशी चोरी पनवेल तालुक्यात आजवर कुणी केली नव्हती. अविनाशरावांनी टेप आणून मापलं. त्या टेपवर विश्वास न बसून दुसरा टेप आणला. दोन्ही टेपांचं एकमत झालं.

इथे गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. सुकापूरच्या टोकाला अविनाशरावांचा 'सांधा मोटर्स' नावाचा छोटा कारखाना होता आणि तिथे बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या तयार होत. बाकीचे लोक गाडीचा खालचा सांगाडा, म्हणजे चॅसी, अखंड बनवतात. अविनाशरावांनी तिचे तीन तुकडे केले होते. पुढच्यात मोटर आणि स्टिअरिंग. मागच्यात बॅटरी. मधल्यात काहीच नाही. मधल्याचं काम फक्त मध्ये असणं. कुठलाही पुढचा कुठल्याही मागच्याला बसे, आणि मध्ये हवे तितके मधले घालून गाडी हवी तेवढी लांब करता येई. वरची पत्र्याची पेटीही तशीच तुकड्यातुकड्यांची. या पद्धतीला ते 'मॉड्युलर' म्हणत, आणि हा शब्द घरीदारी इतक्यांदा म्हणत की त्यांच्या बायकोनं एकदा तीन पुडांच्या डब्यातला मधला पूड रिकामा पाठवून निषेध नोंदवला होता.

आखूड झालेली गाडी साधी नव्हती. मोरा बंदरावरच्या मासळी विकणाऱ्या बायकांच्या सोसायटीसाठी तो नमुना होता. सोसायटीच्या गंगाबाई खरं तर सोमवारी यायच्या, पण सोमवारी त्यांच्या घरी हळद निघाली म्हणून काल रात्री फोन करून त्यांनी आजची, शनिवारची, दुपारी चारची वेळ ठरवली. बर्फाची पेटी तयार होती. ती ठेवायची कशावर, एवढाच प्रश्न होता. स्टोअरमध्ये एकही मधला शिल्लक नव्हता. नवे सोमवारी यायचे होते.

शटरचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोन. एक अविनाशरावांकडे, दुसरी रात्रपाळीचा वॉचमन काशिराम नाखवा याच्याकडे. अविनाशरावांनी तर्क लढवला, तडक समोरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि तिथे ग्लास घेऊन बसलेल्या काशिरामला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "काल काय केलंस ते कळलंय मला, चोरा."

काशिराम उभा राहिला. ग्लास त्यानं फळीवर ठेवला.

"चूक झाली माझ्याच्यान, सायेब," तो म्हणाला.

"मधला कुठाय?"

"कंचा मधला?"

यापुढे तो एक शब्द बोलेना. चारपर्यंत मधला परत आला नाही तर पोलिसांत देतो, असं अविनाशरावांनी टपरीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. टपरीला सगळंच ऐकू जातं.

२

त्याच वेळी नवीन पनवेलमधल्या आपल्या गॅलरीत इसाजी झिराडकर स्वतःवर बेहद्द खूश होऊन बसले होते.

इसाजी सिनेगॉगच्या, म्हणजे यहुदी प्रार्थनाघराच्या, समितीचे अध्यक्ष. प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. पनवेलची बेने इस्रायल मंडळी आधीच मोजकी, त्यातली निम्मी मुलांकडे परदेशी, उरलेली कुणी उरणला, कुणी सुकापूरला. दर शुक्रवारी संध्याकाळी आकडा आठावर येऊन अडकायचा, आणि मग नववा-दहावा शोधायला फोनाफोनी. यावर इसाजींनी तोड काढली होती: घरोघर फिरून सगळ्यांना गोळा करणारी, 'सांधा मोटर्स'ची दहा आसनी गाडी. ती कालच ताब्यात आली आणि काल संध्याकाळीच तिची पहिली फेरी झाली.

"दहाच्या दहा हजर," ते बायकोला सकाळपासून चौथ्यांदा सांगत होते. "एकही फोन न करता. आणि बसायला जागा अशी की मी पाय लांब करून बसलो. नियोजन म्हणतात ते हे, हेप्झी."

"आम्ही बायका रिक्षानं आलो, तेही नियोजनच," हेप्झिबाबाई म्हणाल्या.

"तुम्ही मिन्यानच्या मोजणीत येत नाही ना, म्हणून."

"रिक्षावाल्यानं मात्र मोजलं आम्हाला. माणशी."

हेप्झिबाबाई विमा कंपनीतून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. ठोकलेली गाडी आणि तिचा मालक या दोघांपैकी खरं कोण बोलतंय हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. बहुतेक वेळा गाडी.

इतक्यात दारात हृतिक उभा राहिला. हा 'सांधा मोटर्स'चा सेल्स हेड. सेल्समध्ये तो एकटाच असल्यानं हेडही तोच.

"काका, तुमचा फोन बंद लागतोय."

"शब्बाथ आहे, विश्रांतीचा वार. आज फोन नाही," इसाजी म्हणाले. "बोल."

हृतिक बोलला. ऐकता ऐकता इसाजींचे लांब केलेले पाय जवळ आले. काशिरामला कामावर ठेवताना 'माणूस माझ्या खात्रीचा' हे त्यांनीच सांगितलं होतं. सिनेगॉगच्या गाडीवर शुक्रवारचा ड्रायव्हर म्हणूनही त्यांनीच त्याला नेमलं होतं. काशिराम चोर ठरला तर इसाजींची खात्री त्याच्याबरोबर पोलीस चौकीत जाऊन बसणार होती, आणि समितीचे सेक्रेटरी यायर तिला रोज भेटायला जाणार होते.

हेप्झिबाबाई चपला घालत होत्या.

"अगं, शब्बाथला काम करायचं नाही," इसाजी म्हणाले.

"प्रश्न विचारणं हे काम नव्हे. उत्तरं लिहून घेणं हे काम. मी लिहिणार नाही."

"आणि जाणार कशी? रिक्षा नको ना आज?"

"चालत. सुकापूर काय पुण्यात आहे?"

ती दोघं पुढे चालत निघाली आणि त्यांच्या मागून हृतिक, वडीलधाऱ्यांसमोर गाडीवर बसणं बरं दिसत नाही म्हणून, आपली मोटारसायकल ढकलत निघाला. अर्ध्या वाटेवर हेप्झिबाबाईंनी मागे न बघता विचारलं, "काशिराम 'चूक झाली' म्हणाला. 'चोरी केली' म्हणाला का?"

"नाही, काकू."

"मग त्यानं काहीतरी वेगळंच केलंय," हेप्झिबाबाई म्हणाल्या. इसाजींना यात धीर वाटावा असं काही सापडलं नाही.

३

"टोळी आहे," अविनाशराव म्हणाले. "कमीत कमी चार माणसं आणि एक क्रेन. बाहेरची टोळी, आतला काशिराम. त्यानं नुसतं शटर उघडलं."

"चार माणसं कशावरून?"

"बाई, मधला काढायचा म्हणजे पुढचा-मागचा टेकू देऊन उचलायचा, सांधा खोलायचा, मधला ओढायचा. एका माणसाचं काम नाही हे."

हेप्झिबाबाईंची नजर त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली. तिथे कंपनीचं रंगीत पोस्टर होतं. त्यावर हसतमुख माणूस हातात पाना घेऊन उभा होता आणि खाली छापलं होतं: एकटा माणूस, एक पाना, एका चहाचा वेळ.

"ते काय?" त्यांनी विचारलं.

अविनाशरावांनी वळून पाहिलं. "ती जाहिरात आहे," ते म्हणाले.

आखूड गाडी शेडच्या मधोमध उभी होती. पुढचा तुकडा थेट मागच्याला भिडलेला, त्यामुळे ती एखाद्या माणसाला उचकी लागल्यासारखी आपल्यातच दचकून थांबलेली दिसे. हेप्झिबाबाई खाली बसल्या आणि सांध्याच्या चार बोल्टांकडे बराच वेळ बघत राहिल्या. प्रत्येक बोल्टवरून नटवर एक बारीक पिवळी रेघ ओढलेली होती.

"ही रेघ?"

"बोल्ट पूर्ण आवळला की ओढतात," अविनाशराव म्हणाले. "बोल्ट पुढे सैल पडला तर रेघ तुटलेली दिसते. आमची शिस्त आहे ती. सांधा कधी उघडा ठेवायचा नाही, ही दुसरी. धूळ जाते."

"फार शिस्तीची टोळी आली होती," हेप्झिबाबाई म्हणाल्या. "मधला काढला, क्रेनवर चढवला, मग धूळ जाऊ नये म्हणून परत आली, पुढचा-मागचा जोडला, बोल्ट आवळले आणि ब्रश शोधून पिवळ्या रेघा ओढल्या. अविनाशराव, हे चोराचं काम नाही. हे तुमच्याकडे शिकलेल्या माणसाचं काम आहे."

अविनाशराव शेडमध्ये काम करणाऱ्या एकेका माणसाकडे वळून बघू लागले. जो तो पान्याकडे बघू लागला.

४

रंजिता कर्णिक क्वालिटी बघत असे. तिच्या टेबलावर एक खोका होता आणि त्यात तिचा मग, कॅलेंडर आणि छोटी कुंडी भरलेली होती.

"निघालात?" हेप्झिबाबाईंनी विचारलं.

"चाकणला, नव्या नोकरीवर. महिनाअखेर. सरांना माहीत नाही," रंजिता म्हणाली. "म्हणजे, सांगितलंय. तीनदा. ते लॅपटॉपकडे बघत मान हलवतात. हो म्हणाले का नाही, हे मला अजून कळलेलं नाही."

"मासळीची गाडी पुरती कधी पाहिलीत?"

"गुरुवारी संध्याकाळी. रंग मारला, ताडपत्री टाकली. शुक्रवारी कुणी तिच्याकडे बघितलंच नाही. शुक्रवारी सगळे तुमच्या गाडीच्या मागे होतो. अवीव तर गुरुवारी रात्रीही थांबला होता त्यासाठी."

अवीव हा जोडणीचा मुख्य माणूस. इसाजी त्याला त्याच्या बारशापासून ओळखत होते.

"अवीव कुठंय?" हेप्झिबाबाईंनी विचारलं.

"शुक्रवारी दुपारी तुमची गाडी गेली तसा तोही गेला. अलिबागकडे, आजीकडे. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत त्याचा फोन बंदच असतो," रंजिता म्हणाली, आणि घाईघाईनं पुढे म्हणाली, "पण त्याचा संबंध नाही हो. चोरी रात्री झाली. आणि तुमची गाडी एकदम व्यवस्थित होती. तिचे तिन्ही सांधे मी स्वतः तपासलेत. रेघा बघून सही केली."

हेप्झिबाबाईंनी काही क्षण तिच्या कुंडीकडे पाहिलं. "छान जगलंय रोप," त्या म्हणाल्या.

हृतिकची पाळी आली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. अविनाशरावांचा त्याच्यावर संशय होता, कारण तो सांध्यांचे फोटो काढताना दोनदा सापडला होता.

"कुणाला पाठवतोस?"

"होणाऱ्या बायकोला," हृतिक म्हणाला. "ती विचारते, दिवसभर काय करतोस. काहीतरी दाखवायला नको?"

"आणि गुडघ्याला काय झालं?" पँटीला गुडघ्यावर चौकोनी ठिगळाएवढी फाट होती.

"पडलो. काल सकाळी. ताडपत्रीत पाय अडकून. त्या गाडीवरनं कधीपण जा, ताडपत्री बरोब्बर टायरपर्यंत येते. काल लोळत होती जमिनीवर, लग्नातल्या शालूसारखी."

"काल सकाळी."

"हो. नाश्त्याच्या आधी."

इसाजींना वाटलं, बायको आता गुडघ्याला हळद लावायला सांगणार. ती म्हणाली, "काशिरामकडे चला. तो चोर नाही हे मला कळलंय. त्यानं काय केलं ते आता कळेल."

५

काशिराम अजून टपरीवरच होता. त्याच्या बाकाच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. एरवी त्या बाकावर बसायला जागा मिळत नसे.

"काशिराम," इसाजी म्हणाले, "माझ्या शब्दावर तू कामाला लागलास. काय केलंस ते सांग."

"तुमालाच सांगायला जड जातंय, भाऊ."

"मला सांग," हेप्झिबाबाई म्हणाल्या. "हे ऐकत नाहीयेत असं समज. घरी मी तसंच समजते."

काशिरामनं मान खाली घातली. "गाडी घासली मी. तुमची नवी गाडी. सिनेगॉगच्या गल्लीत वलन घेताना मागचा कोपरा भितीला लागला. चरा पडलाय, हाताएवडा. भाऊ उतरून आत गेलेले, कुनी बघितला नाय. मी फडक्यानं पुसला, पुसून जातो का? सकाळी सायेब आले, काल काय केलास म्हनाले, मना वाटला चऱ्याचा बोलतान."

"मग चोर म्हणाले तेव्हा?"

"गाडी नवी, पहिला दिवस. चोर काय, त्यापेक्षा वाईट बोलले असते तरी मी ऐकला असता." तो थांबला. "पन मधल्यापाई पोलीस? मी मधला घेऊन काय करू, बाय? घरात ठेवू?"

"तू तर होडी वळवणारा माणूस. गल्लीत कसा चुकलास?"

"तेच तर मना पन कलत नाय. मागच्या हप्त्याला सायबांच्या दुसऱ्या दहाच्या गाडीनं तेच वलन घेतलेला, सवय म्हनून. तवा हातभर जागा उरलेली. कालच काय झाला, देव जाने. गल्ली आखडली, का माझा डोला गेला."

हेप्झिबाबाई बाकावर त्याच्या शेजारी बसल्या. टपरीनं त्याची नोंद घेतली.

"तुझा डोळा शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "अहो, काल गाडीत तुम्ही पुरुष किती होतात?"

"दहा," इसाजी अभिमानानं म्हणाले. "किती वेळा सांगू?"

"आणि चालवत कोण होतं?"

"हा काय, काशिराम."

"ऑर्डर कितीची दिली होतीत?"

"दहाची," इसाजी म्हणाले, आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

६

अविनाशराव ऑफिसात लॅपटॉप उघडून बसले होते. मधल्याशिवाय मासळीची गाडी कशी जास्त चांगली, याच्या स्लाइड्स तयार होत होत्या.

हेप्झिबाबाई दारातून म्हणाल्या, "अविनाशराव, तुमच्या खुर्चीचा एक पाय कापून नेते. चालेल ना?"

अविनाशरावांनी स्क्रीनवरची नजर न काढता मान हलवली. दारात उभी असलेली रंजिता खोकली.

"आता लॅपटॉप मिटा," हेप्झिबाबाई म्हणाल्या. "मधला कुठे आहे ते सांगते. तो चोरीला गेला नाही. शुक्रवारी दुपारी तो तुमच्या फाटकातून, दिवसाढवळ्या, हार घालून बाहेर पडला. तुम्हीच नारळ फोडलात."

"आमच्या गाडीत?" इसाजींनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून यावं असं वाटत होतं.

"दहा आसनी गाडीला मधला एकच लागतो. मग सांधे किती? पुढे एक, मागे एक. दोन. रंजिताताईंनी सिनेगॉगच्या गाडीचे तीन तपासले. म्हणजे आत मधले दोन."

"मला वाटलं स्टोअरमधला असेल," रंजिता म्हणाली. "किती मधले घालायचे ते अवीव बघतो. आवळलेत का तेवढं मी बघते."

"बरोबर. या कारखान्यात प्रत्येकजण आपला तुकडा चोख बघतो. तसंच आमच्या घरीही." हेप्झिबाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे सगळ्यांनी पाहिलं. "यांनी गाडी ठरवली ती दहा पुरुषांसाठी. तुम्ही विचारलंत, ड्रायव्हर धरून का? हे म्हणाले, धरून. मग ड्रायव्हर नेमला तो काशिराम. गाडी बरोबर. ड्रायव्हरही उत्तम. फक्त काशिराम मिन्यानमध्ये धरता येत नाही. दहा जागा, त्यातला एक कोळी, उरले नऊ यहुदी. म्हणजे इतका खटाटोप करून दर शुक्रवारी दहावा माणूस रस्त्यावर."

इसाजींनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

"हे कळण्यासारखा माणूस तुमच्याकडे एकच. अवीव. आमच्यातलाच मुलगा आहे, आयुष्यभर दहाव्या माणसाची वाट बघत बाकावर बसलाय. गुरुवारी त्यानं ऑर्डर वाचली. इसाजीकाकांना सांगावं तर समितीत त्यांची शोभा. यायर तर पुरिमच्या सणापर्यंत हसले असते. म्हणून त्यानं गुरुवारी रात्री, काशिराम बाहेर फाटकावर असताना, मासळीच्या गाडीतला मधला काढून आमच्या गाडीत घातला, उरलेली गाडी शिस्तीप्रमाणे जोडली, रेघा ओढल्या, ताडपत्री टाकली. ती लांब पडली आणि सकाळी हृतिक तीत अडकला. सोमवारी नवे मधले येणार, गंगाबाईही सोमवारीच येणार. तो सकाळीच लावून टाकणार होता. गंगाबाईंनी वेळ बदलली तेव्हा तो आजीकडे पोचला होता आणि फोन बंद होता."

"पण मला न विचारता?" अविनाशराव म्हणाले.

"विचारलं असणार," रंजिता म्हणाली. "तुम्ही मान हलवली असणार."

अविनाशराव मान हलवणार होते, मध्येच थांबले. संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपल्यावर अवीवनं फोन चालू केला तेव्हा हे अक्षरशः असंच घडल्याचं कळलं, फक्त त्यांनी वर "उत्तम, उत्तम" असंही म्हटलं होतं.

पण आत्ता तीन वाजत आले होते, शनिवारची अर्धी पाळी म्हणून शेडमधली माणसं घरी गेली होती आणि जोडणीचा मुख्य जाणकार अलिबागेत शांतपणे विश्रांती घेत होता.

"मधला मिळाला, पण काढणार कोण?" अविनाशरावांनी हताशपणे विचारलं.

हेप्झिबाबाईंनी पोस्टरकडे बोट दाखवलं.

७

सिनेगॉगची गाडी काशिरामनंच आणून दिली. सोमवारचा पहिला नवा मधला आपल्या गाडीला, या अटीवर इसाजींनी समितीतर्फे परवानगी दिली. समितीला त्यांनी अजून विचारलेलं नव्हतं. गाडी फाटकातून वळवताना काशिराम इतका सावकाश वळला की मागे दोन टेम्पो आणि एक पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत उभे राहिले. चरा नवा पडला नाही. जुना सगळ्यांनी पाहिला.

"यात तुझी चूक नाही," इसाजी त्याला म्हणाले. "गाडी दीड मीटर जास्त होती. ती चूक माझी."

हे वाक्य इसाजी झिराडकर यांच्या तोंडून बाहेर पडायला किती लागलं हे हेप्झिबाबाईंनाच माहीत. त्यावर त्या घरी जाऊन बोलणार होत्या.

गंगाबाई चारच्या आधीच आल्या. बरोबर सोसायटीच्या आणखी चौघी. त्यांना स्लाइड्स दाखवायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात दिसलं ते असं की कंपनीचे मालक इस्त्रीचा शर्ट घालून गाडीखाली उताणे पडले आहेत आणि त्यांच्या हातात पाना आहे. बायका खुर्च्या ओढून बसल्या. चहा आला.

"सायेब, काय चाललाय?" गंगाबाईंनी खाली वाकून विचारलं.

"प्रात्यक्षिक," गाडीखालून आवाज आला.

एक गाडी हळूहळू आखूड झाली आणि दुसरी हळूहळू लांब. दोनदा बोल्ट चुकीच्या बाजूनं फिरवला गेला. पाना एकदा नाकावर पडला. शेवटी अविनाशराव बाहेर आले तेव्हा शर्टाचा रंग चॅसीशी जुळत होता, आणि प्रत्येक बोल्टावर, थोडी वाकडी का होईना, पिवळी रेघ होती.

"तुमच्या त्या चित्रावर एक चहा लिवलाय," गंगाबाई म्हणाल्या. "आमचा तिसरा झाला."

"मी पहिल्यांदाच केलं," अविनाशराव म्हणाले.

"गाडी तुमीच काढली ना?"

"काढली मी. जोडतात दुसरे."

गंगाबाईंनी मासळीच्या गाडीभोवती एक फेरी मारली, मधल्यावर पाय देऊन उभ्या राहिल्या, नाचून बघितलं. एक मालक माणूस, ज्याला जोडणी येत नाही, तोसुद्धा हे जोडू शकतो म्हणजे आमच्या पोरींना जमेल, असा त्यांनी निवाडा केला आणि आधी दोन गाड्या पाठवा, मग बघू, म्हणाल्या. अविनाशरावांना याचा आनंद मानावा की अपमान, हे ठरवायला वेळ मिळाला नाही, कारण समोर काशिराम उभा होता. त्यानं शटरची किल्ली टेबलावर ठेवली.

"हे काय? रात्री ड्युटी आहे ना तुझी?"

"चोराच्या हातात किल्ली कशाला देता, सायेब?"

"अरे, ते मिटलं आता. सगळं कळलं आपल्याला."

"आपल्याला कलला. टपरीला नाय कलला. चोर बोललात तवा तिथं बोललात. संध्याकाळी मी त्याच बाकावर बसनार. माझी पोरगी त्याच रस्त्यानं कॉलेजला जाते."

अविनाशरावांनी इसाजींकडे पाहिलं. इसाजींनी आज आपल्या वाट्याचं उरकलेलं होतं. ते छताकडे बघू लागले. गंगाबाई आणि त्यांच्या चौघी खुर्च्यांवरून उठल्या आणि, कुणी बोलावलेलं नसताना, टपरीकडे चालू लागल्या.

टपरी भरलेली होती. संध्याकाळची पाळी सुटलेली, सकाळची बरीचशी माणसं पुन्हा आलेली. अविनाशराव ग्रीसच्या शर्टात मध्ये उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. स्लाइडशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मंडळी," ते म्हणाले, "सकाळी इथे जरा गैरसमज झाला होता." ते थांबले. "तर, सगळ्यांना माझ्याकडून चहा."

टपरीवाल्यानं पातेल्याखालचा गॅस मोठा केला. माणसं पुन्हा आपसात बोलू लागली. अविनाशराव सुटल्यासारखे वळले, तर काशिराम तिथेच, हाताची घडी घालून.

"पुढचा आला, सायेब," तो म्हणाला. "मागचा पन आला. मधला रायला."

हेप्झिबाबाईंनी मागून अविनाशरावांना हळूच सांगितलं, "आज त्याचा सांधा उघडा ठेवू नका."

अविनाश घरत यांनी मान वर केली, समोरच्या सगळ्या माणसांकडे पाहिलं, आणि या खेपेला मान न हलवता म्हणाले,

"काशिराम नाखवा चोर नाही. मी खोटं बोललो. हात जोडून माफी मागतो."

काशिराम बाकावर बसला. शेजारचा माणूस सरकून त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, "सरक रे जरा, मलापन बसू दे."

काशिराम सरकला. मग टपरीवाल्यानं पुढे केलेला ग्लास घेत म्हणाला, "किल्ली टेबलावर हाय, सायेब. कुनीतरी आनून द्या. मी आता चा पितोय."

किल्ली अविनाशराव स्वतः घेऊन आले.